छत्री बघून येते

बाबा गेल्यावर मला एक वर्ष मिळालं होतं. असं म्हणणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर लग्नाला, बारशाला, हळदीला जायचं नाही. कोणी बोलावलं की "आमचं वर्ष आहे" एवढंच म्हणायचं. समोरचा मान हलवतो आणि पुढे काही विचारत नाही. इतकं बिनचूक वाक्य मी जन्मभर शोधत होते. डोकं दुखतंय, पाहुणे यायचेत, कॉलेजात ऑडिट आहे, ही सगळी वापरून वापरून झिजली होती; त्यांच्यावर "अगं, थोडा वेळ तरी टेकून जा" असं येतंच. या वाक्यावर काही येत नव्हतं. शिवाय यंदा अधिक महिना होता. तिथीनं धरलं तर आमचं वर्ष तेरा महिन्यांचं होणार होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात हे बघितलं तेव्हा मला चक्क बरं वाटलं, आणि मग बाबांच्या फोटोकडे बघवेना.

मला माणसांचा कंटाळा नाही. अंधेरीच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल आहे तिथे दिवसभर मुलं येतात, बोलतात, माझ्याशी भांडतातसुद्धा. एकेक माणूस मला पेलतं. पण वीसजण एका खोलीत आले की काही वेळानं त्यांचे शब्द ऐकू येणं थांबतं आणि नुसता आवाज उरतो. हसायचं कधी हे कळत नाही, म्हणून मी सारखी हसत राहते, आणि त्यानंच जास्त दमते.

बाबांचंही तसंच होतं. ते मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टर्नर होते. लेथवर जन्म गेला त्यांचा. मी दहावीत असताना एका साखरपुड्यातून रडत बाहेर आले, तेव्हा ते म्हणाले होते, "मशीन गरम झालं की बंद ठेवायचं. थंड झालं की चालतं परत. बिघडलेलं नसतं ते."

तेव्हापासून आमची छत्री सुरू झाली. कुठल्याही कार्यात दोघांपैकी एकाचं गरम झालं की तो म्हणायचा, "छत्री खाली राहिली वाटतं. बघून येतो." दुसरा म्हणायचा, "थांब, मी पण येते." मग आम्ही वॉचमनच्या केबिनपाशी किंवा जवळच्या टपरीवर जाऊन चहा घ्यायचो. बोलायचो नाही. कप रिकामा झाला की बाबा तो ठेवून म्हणायचे, "चला, पुरे झालं." आणि आम्ही परत वर जायचो. डिसेंबरातल्या मुंजीत, एप्रिलमधल्या लग्नात आम्ही छत्र्या शोधल्या आहेत. बाबांचा चेहरा इतका गंभीर असायचा की कोणी कधी आभाळाकडे बघितलं नाही.

फाल्गुनात सहदेवकाका आमच्याकडे गोरेगावला आले. बाबांचे धाकटे भाऊ. ते मरोळला राहतात. आल्याआल्या त्यांनी पाणी मागितलं, प्यायले नाहीत, पेला हातात धरून बसले. त्यावरून मला कळलं की काहीतरी मागायला आलेत.

"वहिनी, नितेशचां ठरलां," ते म्हणाले. नितेश त्यांचा एकुलता एक.

"अगो बाई!" आई एकदम पुढे सरकली. "कोण? ती बँकेतली? प्रांजल?"

"तीच. पण हॉल मिळता तो वैशाखात. पुढे अधिक महिनो, मगे पाऊस, मगे चातुर्मास. पोरीची आजी आजारी आसा, तिच्याकडे बघलास तर..." ते थांबले. "भटजींका इचारलंय. दादाचां वर्ष आधी घालून घेतलां तर चलता म्हणतत."

"कोणाला चालतं?" मी विचारलं.

काकांनी पेला खाली ठेवला. "गंधाली, तू मनाक लावन घेव नको गो. मी दादाक इसारलंय असां नाय."

"मी तसं म्हटलंच नाही, काका."

"म्हटलां नाय, पण तोंडार लिवलां हा."

काका गेल्यावर आई स्वयंपाकघरात जाऊन कोकमं भिजत घालायला लागली. मी दारात उभी राहून म्हटलं, "बाबा असते तर असं घाईनं कोणाचं उरकू दिलं नसतं. चार-सहा महिने थांबायला काय होतं त्यांना?"

"त्यांना नाही होत काही," आई पाठमोरीच म्हणाली. "मला होतं."

"म्हणजे?"

"मला जायचंय हळदीला."

आई वळली. तिचे हात कोकमानं लाल झाले होते. "तू खोलीत पुस्तक घेऊन बसतेस, तुला बरं वाटतं. वाटू दे. तुम्ही दोघं तसलेच. पण मी गं? घरी येतं ते माणूस पाच मिनिटं बसतं, पदरानं डोळे पुसतं आणि जातं. सहा महिन्यांत मला कोणी एक चावट जोक सांगितला नाही. परवा भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून उगाच भांडले, बोलायला मिळावं म्हणून."

मला हसू आलं. तिलाही आलं असतं, पण तिनं ते आवरलं.

"नितेशचा घाणा मीच गायचा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला येतो? चंपाला अर्ध्या ओळी येतात, त्याही हिंदी चालीत."

घाणा म्हणजे हळदीच्या आधी सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून उखळात हळद कांडतात आणि गातात ते. आमच्याकडच्या गाण्यात आवतण असतं. पहिल्यांदा देवाला, मग घरातून गेलेल्या माणसांना, मग असलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायचं. तीस वर्षं हे गाणं आईनं सांगितलं आणि बाकीच्यांनी मागून म्हटलं. तिच्या दिराच्या, नणंदेच्या, सगळ्यांच्या नावांशी ती खणखणीत असायची. बाबांच्या नावाशी आली की थांबायची. नवऱ्याचं नाव कसं घेणार? ती मान खाली घालून हसायची, तेवढी जागा मोकळी सोडायची, आणि सगळ्या बायका ओरडायच्या, "जयवंतरावांना!" दर लग्नात हा गोंधळ ठरलेला.

"आता त्यांचं नाव वर जाणार," आई म्हणाली. "आजोबांच्या ओळीत. गेलेल्यांत." तिनं हात धुवायला नळ सोडला. "मुसळाला मी हात लावणार नाही, ते मला ठाऊक आहे. बाजूला बसून गाईन. पण त्या ओळीशी आवाज अडकला तर तू उचल. शेजारी बस माझ्या. एवढंच मागते."

"मी? सगळ्यांसमोर?"

"एक शब्द आहे गं. तुझ्या बापाचं नाव."

मी हो म्हटलं. नाही कसं म्हणणार होते?

चैत्रात भटजी आले आणि बाबांचे उरलेले महिने एका सकाळी एकापाठोपाठ करून टाकले. दर महिन्याचा पिंड वेगळा. जेवताना भटजींनी दुसऱ्यांदा वाल वाढून घेतले आणि म्हणाले, "आता तुम्ही मोकळ्या."

मरोळला काकांच्या सोसायटीच्या आवारात मांडव घातला होता. आम्ही दुपारी चारच्या सुमारास पोचलो. एका बाजूला डीजेवाले स्पीकर रचत होते आणि मधूनच तपासायला म्हणून दणका देत होते. प्रत्येक दणक्याला पार्क केलेल्या एका गाडीचा भोंगा वाजायला लागायचा. सगळे पिवळ्यात होते. आईनं फिकट आंबा रंगाची साडी नेसली होती आणि गेटातून आत पाऊल टाकल्याबरोबर ती बदलली. खांदे मागे गेले, आवाज एक पट्टी चढला. "काय गं ढमे, बारीक झालीस ती?" ही कोणीतरी नुकतीच बाळंत झालेली मुलगी होती. "नित्या, मेल्या, आजपासून बायकोच्या ताब्यात. ये, आधी माझ्या पाया पड."

"मोठी काकू, झकास दिसतेस!" नितेशनं तिला मिठीच मारली. मग माझ्याकडे बघून थबकला. "ताई, तू आलीस? मला वाटलं वाट लागणार, तू मोठ्या काकूला पण येऊ देणार नाहीस."

तो हसत म्हणाला. मीही हसले. पण ते मला लागलं. मग सुरू झालं. एक मामी म्हणाली, किती वाळलीस. दुसरी म्हणाली, किती सुटलीस. एका बाईंना मी ओळखलं नाही, त्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडलाच नाही, आणि बाबा शेवटी बोलले का काही, असं विचारलं. मी म्हटलं, बोलले नाहीत. त्या म्हणाल्या, असं कसं, काहीतरी बोललेच असतील. मी आठवायला लागले, जणू माझंच काही चुकलं होतं. तेवढ्यात स्पीकरचा दणका बसला, गाडी बोंबलायला लागली, आणि मला ऐकू येणं बंद झालं. ओठ दिसत होते. मी हसत होते. त्या बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं की हसायचं नव्हतं.

चंपाकाकी, नितेशची आई, चहाचा ट्रे घेऊन समोर आली.

"काकी, छत्री खाली राहिली वाटतं," मी म्हटलं. "बघून येते."

"छत्री?" काकीनं मांडवाच्या कापडातून दिसणाऱ्या पांढऱ्याफटक आभाळाकडे बघितलं. "मे महिन्यात? आणि खाली म्हणजे कुठे? आपण खालीच आहोत की गं!"

मी गेटाबाहेर पडले. आई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उखळापाशी होती, पानं नीट कशी बांधायची ते कोणाला तरी सांगत होती. चहा झाला की घाणा, असं ठरलं होतं. माझ्याकडे एक कप चहाइतका वेळ होता.

टपरी बंद होती. मी पुढे चालत राहिले. रस्त्याचं खोदकाम, त्यावर टाकलेल्या लोखंडी पट्ट्या, त्यावरून धडधडत जाणाऱ्या रिक्षा. थांब्यापाशी उभी राहिले ती फक्त सावलीसाठी. तेवढ्यात आरे कॉलनीतून गोरेगावला जाणारी बस आली. रिकामी होती. खिडकीजवळच्या एका सीटवर ऊन पडलं होतं. मी चढले. चढताना मी काहीही ठरवलं नव्हतं.

"कुठे?" कंडक्टरनं विचारलं.

"गोरेगाव," माझ्या तोंडून गेलं. घरी.

आरेत शिरल्यावर आवाज गळून पडतो. झाडं रस्त्यावर वाकलेली, मधेच एखाद्या पाड्याकडे जाणारी पायवाट, मग तबेल्यांचा ओला, उबदार वास. शिफ्ट सुटल्यावर बाबा याच वाटेनं घरी यायचे. बसमध्ये बसणं त्यांना आवडायचं. लोक एका दिशेला तोंड करून बसतात, ते म्हणायचे, त्यामुळे कोणाला कोणाशी बोलावं लागत नाही.

मी श्वास मोजायला लागले आणि विसरले. माझं थंड होत होतं. मला ते नेहमीसारखं कळत होतं, आधी मानेत, मग जबड्यात. आता कोणीतरी कप खाली ठेवायला हवा होता. मी वाट बघत बसले. एक थांबा गेला, दुसरा गेला. एवढ्या वर्षांत बाहेर पडायचं मी कितीदा ठरवलं होतं. परत फिरायचं एकदाही ठरवलं नव्हतं. ते काम बाबांचं होतं. ते नसतील तर ही बस गोरेगावला जाईल, मी कुलूप उघडून खोलीत जाऊन पडेन, आणि तिकडे आई त्या ओळीशी येऊन शेजारी बघेल.

"चला, पुरे झालं," मी म्हटलं. बरंच मोठ्यानं म्हटलं असावं, कारण पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळले.

"काय झालं?"

"उतरायचंय मला."

"मग बेल मारा ना."

तबेल्यांच्या थांब्यावर उतरले आणि रस्ता ओलांडून उलट्या बाजूला उभी राहिले. बस येईना. मरोळच्या दिशेनं भरलेल्या रिक्षा जात होत्या. मी दोन पावलं पुढे जायचे, परत यायचे. पलीकडे चिखलात बसलेली एक म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. फोन काढला. आईचा फोन नव्हता, मेसेज नव्हता. ती मला बोलावत का नव्हती? घाणा सुरू झाला असेल म्हणून, की तिनं माझी आशा सोडली म्हणून? शेवटी एक रिक्षा थांबली. मागे दुधाचा कॅन होता. मी त्याच्या शेजारी कॅन धरून बसले.

गेटापाशी उतरले तेव्हा डीजे बंद होता आणि मुसळाचा आवाज येत होता. धप, धप, मधे बांगड्या. आणि आईचा आवाज. मी पोचेपर्यंत ती बरीच पुढे आली होती. देव झाले होते, गेलेले झाले होते, आता असलेल्यांची आवतणं चालली होती. तिच्या बाजूची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर तिनं स्वतःची पर्स ठेवली होती.

बायकांचं कडं इतकं दाट होतं की मला आत जाता येईना. मी मागे उभी राहिले. नितेशच्या आत्यांचं नाव झालं. त्यांच्या यजमानांचं झालं. मग आई "नवऱ्या मुलाच्या मोठ्या काकांना" म्हणाली आणि थांबली.

ती चुकली होती. तीस वर्षांची ओळ होती ती, जीभ आपली गेली. तिनं मान खाली घातली, ओठांवर ते लाजरं हसू आलंसुद्धा, आणि नावाची जागा मोकळी सोडली. नेहमीसारखी. मग तिच्या लक्षात आलं. हसू तोंडावरच राहिलं, कुठे ठेवावं ते तिला कळेना.

कोणी ओरडलं नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुसळ हवेत थांबलं. चंपाकाकीनं तोंडावर हात ठेवला. त्या शांततेत सगळेच्या सगळे डोळे आईवर होते.

"जयवंतरावांना!"

माझा आवाज मला ओळखू आला नाही. सुरात तर अजिबात नव्हता. पन्नास-साठ डोकी मागे वळली आणि माझे कान पेटले; मी मांडवाचा बांबू पकडून उभी राहिले. आईनं वर बघितलं. एक क्षण ती माझ्याकडे बघत राहिली. मग खणखणीत आवाजात पुढची ओळ घेतली, मुसळ पडलं, बायका मागून म्हणायला लागल्या. त्या वाट करून देत होत्या. मी आत गेले, पर्स उचलली आणि बसले. आईनं माझ्या गुडघ्यावर हात टाकला आणि गाणं संपेपर्यंत त्यावरच ठेका धरला. जोरात. दुखेल इतक्या जोरात.

गाणं संपल्याबरोबर चंपाकाकी कपाळ पुसत म्हणाली, "अगं गंधाली, भावोजींचं वर झालं होतं की नाव! आजोबांच्या ओळीत. जाऊबाई अडकल्या, मीच घेतलं."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "मी नव्हते तेव्हा."

"म्हणजे एका लग्नाला दोन आवतणं झाली त्यांना." काकीला हसावं की रडावं ते कळेना. "ज्या माणसाला एका आवतणानं घाम फुटायचा!"

"येतील," आई म्हणाली. डोळे पुसता पुसता तिचा आवाज पुन्हा एक पट्टी चढला. "दोनदा बोलावलं म्हणजे यावंच लागणार. पाच मिनिटं बसतील. आणि मग जातील छत्री शोधायला."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. हळदीनं पिवळं झालेलं उखळ कोण उचलणार, यावरून दोन पोरांना झापत होती. पलीकडे डीजेवाल्यानं वायर जोडली. पहिला दणका बसला आणि ती गाडी परत बोंबलायला लागली.

"तू जाशील परत," आई माझ्या कानाशी ओरडली. विचारत नव्हती.

"थोड्या वेळानं."

"जा. पण मला सांगून जा." तिनं पर्स माझ्या मांडीवरून उचलून खुर्चीच्या पाठीला अडकवली. "फार वेळ झाला तर मी येईन आणायला."